फॉरेन पोस्टिंग आलंय? आधी विचारा, कुठलं?

देवळाली कॅम्पच्या बाजारात जवानांशी नवीन लग्न झालेल्या मुली मला हमखास गाठतात. "ताई, ह्यांचं फॉरेनचं आलंय, मी पण जाणार ना?"

एम्बसीत डिफेन्स अटॅशेच्या, म्हणजे तिथल्या आपल्या लष्करी प्रतिनिधीच्या ऑफिसात नेमणूक असेल तर बायकामुलं बरोबर जातात. मग प्रश्न शाळेचा. परदेशात केंद्रीय विद्यालयं तीनच: काठमांडू, मॉस्को, तेहरान. बाकी ठिकाणी इंटरनॅशनल शाळा. अनेक देशांत त्यांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे पोरांचे मधले महिने लोंबकळतात. नेमणूक भूतानलाही होते, तिथे 1962 पासून आपली ट्रेनिंग टीम आहे, इम्ट्रॅट. परदेशातला कोर्स असेल तर घरच्यांना न्यायचं ठरवण्याआधी तो किती महिन्यांचा, हे पाहायचं.

पण जवानांच्या वाट्याला जास्त करून येतं ते यूएन मिशन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. कांगो, दक्षिण सुदान, लेबनॉन. तिथे घरच्यांना नेता येत नाही. आमचे हे कांगोत गोमा शहरात वर्षभर होते. जायच्या आधी यलो फीव्हरचं इंजेक्शन घेतलं. त्याचं पिवळं कार्ड सुट्टीवर येतानाही लागतं, नाहीतर इथे उतरल्यावर क्वारंटाइन. ते जपून ठेवायला सांगा.

मला भीती होती गोळीबाराची. प्रत्यक्षात अडलं ते ओटीपीपाशी. गॅस, बँक, शाळेची फी, सगळं ह्यांच्या नंबरवर, आणि ते सिम तिकडे बंद. बँकेतला माणूस म्हणाला, "साहेबांनाच घेऊन या." कुठून आणू, गोम्याहून? म्हणून मूव्ह ऑर्डर, म्हणजे निघायचा हुकूम, हातात पडली की त्याच आठवड्यात नंबर बदलून घ्या, खातं जॉइंट करा. क्वार्टर राहणार की सोडावं लागणार, तेही तेव्हाच विचारा.

फोनचं म्हणाल तर गोमा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. ह्यांना रात्री साडेआठला सवड मिळायची, तेव्हा इथे बारा वाजलेले. पोरगा झोपेत "हां पप्पा" म्हणायचा आणि कूस बदलायचा.

हे परत आले त्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "सायकल नेऊ का?" विचारलं मला. हे शेजारीच चहा पीत होते. पुढे दोन महिने मी मुद्दाम "पप्पांना विचार" म्हणत राहिले. गॅसचा नंबर मात्र अजून माझाच आहे.