विंडोजवरचं फोल्डर मॅक, उबुंटू आणि फोनवर उघडायचं कसं

घरात विंडोजचा डेस्कटॉप, मॅकबुक आणि उबुंटूचा लॅपटॉप असेल तर फाइल्स पेनड्राइव्हवरून फिरवायची गरज नाही. तिघांनाही एसएमबी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स शेअर करायची पद्धत, येते. घोडं अडतं ते बहुतेक वेळा लॉगिनपाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

विंडोज ११ मध्ये रोज टाकतो तो पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. मॅकने पासवर्ड विचारला की तिथे पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर पूर्ण ईमेल आणि खरा पासवर्ड लागतो, आणि तो घरात कोणालाच आठवत नसतो. त्यापेक्षा शेअरिंगसाठी वेगळं लोकल अकाउंट काढा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, अ‍ॅड अकाउंट, आणि पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूझर जोडायचा पर्याय. नाव रोमन अक्षरांत द्या, समजा 'घर'. पासवर्ड रिकामा सोडू नका. बिनपासवर्डाच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

फोल्डर डी ड्राइव्हवर ठेवा. डेस्कटॉपवरचं शेअर केलं तर पत्ता 'यूझर्स'पासून सुरू होऊन लांबलचक होतो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, शेअर बटण. यादीत 'घर' जोडून रीड/राइट द्या. खालच्या अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून गेलात तर फक्त नेटवर्कची परवानगी बदलते, सिक्युरिटी टॅबमधली तशीच राहते, आणि दोन्हींतली कडक असेल ती लागू होते. फोल्डर उघडतं पण सेव्ह होत नाही, याचं कारण सहसा हेच. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्यायचा शॉर्टकट मात्र नको. मग वायफायवर आलेला पाहुणाही फोटो पुसू शकतो.

वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल वाट अडवते. तिथेच खाली आयपीव्ही४ पत्ता दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये तो या डेस्कटॉपला बांधून टाका. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के, उबुंटूवर फाइल्समधलं 'कनेक्ट टू सर्व्हर', आयफोनवर फाइल्स अ‍ॅपच्या तीन टिंबांत तोच पर्याय. अँड्रॉइडवर एसएमबी जमणारा फाइल मॅनेजर लागतो. पत्ता असा: एसएमबी://१९२.१६८.१.२०/फोटो (शेवटी शेअर केलेल्या फोल्डरचं नाव), पण टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनच. उबुंटूने डोमेन विचारलं तर आहे तेच राहू द्या.

पत्ता बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर डेस्कटॉप झोपलाय का ते आधी बघा. मग दुसरं यंत्र गेस्ट वायफायवर आहे का ते. इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल तर दोन यंत्रं दोन वेगळ्या जाळ्यांत पडतात. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं काढणार नाही.

जुना मीडिया प्लेअर एसएमबी१ (एसएमबीची जुनी आवृत्ती) मागत असेल तर त्याच्यासाठी ते चालू करू नका; २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून पसरला होता. राउटरवर एसएमबीचं ४४५ पोर्टही बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका.

उबुंटूवरून एखादीच फाइल कॉपी होत नसेल तर तिच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन शोधा. लिनक्सला ते चालतं, विंडोजला नाही.