व्हिसाच्या फायलीतल्या या चुका टाळा: सोलापुरातून परदेशी निघणाऱ्यांसाठी

परवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक मावशी मुलाची फाईल घेऊन घरी आल्या. मुलगा नर्सिंग शिकलेला, परदेशातल्या हॉस्पिटलचं ऑफर लेटर हातात. फाईल उघडली आणि पहिल्या तीन कागदांवर मला तीन वेगळी माणसं भेटली. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं नाव आणि आडनाव, वडील गायब. पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात आणि आडनावाचा रकाना कोरा. "माणूस तर एकच आहे की ओ," मावशी म्हणाल्या. खरंय. पण व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे माणूस जातच नाही, कागद जातात.

मी दोन वर्षं दुबईत आणि नऊ वर्षं जर्मनीत काढली. परत आल्यापासून ओळखीपाळखीचे लोक फायली दाखवायला येतात. त्या चाळून माझं मत पक्कं झालंय: आपण सोलापूरचे म्हणून आपल्याला कुणी नाकारत नाही. आपलेच कागद आपल्याविरुद्ध साक्ष देतात म्हणून गाडी अडते. आणि यातलं बहुतेक सगळं निघायच्या आधी, इथेच बसून दुरुस्त करता येतं.

नावापासून सुरुवात करा

आपल्या गावात घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी असा प्रवास केलेली हजारो पोरं आहेत. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कारकुनाने नाव कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. लक्ष्मीनारायण कुठे 'एक्स' घालून, कुठे 'के-एस-एच' घालून. मल्लिकार्जुनमध्ये कधी दोन 'एल', कधी एकच. वडिलांच्या नावापुढचं 'अप्पा' एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. इथे बँकेत, तहसीलमध्ये हे चालून जातं, कारण समोरच्याला आपली पद्धत माहीत असते. बाहेर ते माहीत नसतं.

आडनावाचा कोरा रकाना तर फार महागात पडतो. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या लोकांना टुरिस्ट व्हिसावर घेणं थांबवलं, तेव्हा कित्येकांना ऐनवेळी तिकीट सोडावं लागलं. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. पुढे तेच ड्रायव्हिंग लायसन्सवर, तेच पगाराच्या कागदावर.

म्हणून आधी दहावीचं सर्टिफिकेट समोर ठेवा आणि तेच नाव, त्याच स्पेलिंगने, पासपोर्टवर आडनाव वेगळं काढून घ्या. फरक मोठा असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल करून घ्या, मग आधार, पॅन आणि शेवटी पासपोर्ट, या क्रमाने चला. मुलींना एक सांगणं आहे. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. डिग्री आणि अनुभवाची पत्रं माहेरच्या नावाने असतील तर पासपोर्टही तसाच राहू द्या. सासरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, पण ते एकदाच.

जन्मतारखेचं दुखणं वेगळं. आपल्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मात्र खरी तारीख असते. मुलाकडे राहायला निघालेल्या आईवडिलांच्या फायलीत हा घोळ हमखास सापडतो. दोन्ही तारखांचे कागद एकाच फाईलमध्ये कधीच लावू नका. आधी कोणती तारीख धरायची ते ठरवून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. लहान बाळांसाठी तर १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्म असेल तर पासपोर्टला जन्माचा दाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. दाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी राहिली असेल तर ती आजच भरून घ्या.

राहतो पुण्यात, पत्ता सोलापूरचा. ही चूक नोकरी करणारी पोरं फार करतात. पासपोर्टला गावचा पत्ता देतात, पोलीस घरी येतात, शेजारी खरं तेच सांगतात की पोरगा तीन वर्षांपासून हिंजवडीत आहे, आणि रिपोर्ट उलटा जातो. जिथे राहता तिथला पत्ता द्या. खरंच इथे राहत असाल तर पुण्याला जायचीही गरज नाही, पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं.

अजून एक छोटी पण जीव काढणारी गोष्ट: सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका. आपल्याकडे पोरगं पास झालं की दुसऱ्या दिवशी मार्कशीट प्लास्टिकमध्ये जाते. परदेशासाठी त्याच कागदावर शिक्के आणि स्टिकर लागतात, ते प्लास्टिकवर बसत नाहीत. लॅमिनेशन सोलताना शाई निघून आलेली एक डिग्री मी पाहिली आहे. त्या मुलीला विद्यापीठाकडून नवी प्रत काढेपर्यंत नोकरीच्या रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी लागली. शिक्क्यांचाही देशागणिक फरक आहे. अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का. भारत २००५ पासून या करारात आहे, सौदी अरेबिया २०२२ मध्ये आला, यूएई अजून नाही. तिथे राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात अशी साखळी पुरी करावी लागते. मधली एक कडी गळली की कागद परत.

पैसे दाखवताना

काकांनी अर्ज करायच्या आठवड्यात आठ लाख खात्यात टाकले, व्हिसा झाला की परत द्यायचे. असली फाईल बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज पडतो, आणि ते पैसे स्वतःचे किंवा आईवडिलांचे असावे लागतात. काकांचे चालत नाहीत. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि दरमहा ९९२ युरोच काढता येतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे मार्कशीट-डिग्री तपासल्याचा दाखला, लागतो. बरेच जण ॲडमिशन मिळाल्यावर त्याची चौकशी सुरू करतात आणि सेमिस्टर हातचं जातं. ते ॲडमिशनच्या आधी.

धंद्यासाठी जाणाऱ्यांची चूक निराळी. टॉवेल-चादरीवाले आपले कितीतरी लोक जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाईमटेक्सटिल प्रदर्शनाला जातात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा हातात आला की तो 'सहा महिन्यांचा' वाटतो. पण राहता येतं कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस, आणि हे १८० दिवस रोज पुढे सरकतात. आजपासून मागे १८० दिवस मोजा आणि त्यात तिथे घालवलेले दिवस बेरजेत घ्या, येण्याजाण्याचे दिवस धरून. अर्जही प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. अपॉइंटमेंट पुण्याला किंवा मुंबईला असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने त्याच सकाळी पोहोचून दहाची वेळ गाठायचा बेत करू नका, आदल्या दिवशी जा.

आखातात जाताना

इथे मला सगळ्यात जास्त कळवळा वाटतो, कारण चूक झाली तर पैसे नाही, माणूस अडकतो. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट 'ईसीआर' असतो, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा. अशा माणसाला आखातासकट १८ देशांत कामाला जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. एजंट ही कटकट टाळायला सांगतो, "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो." या वाक्याला अजिबात भुलू नका. टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदा; पगार थकला तर तक्रार करायला करारच नसतो. मुदत संपली की यूएईत दिवसाला ५० दिरहम दंड चढत जातो, आणि मग त्या दंडापायीच माणूस घरी येऊ शकत नाही.

एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासून घ्या. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा, तेही पावतीशिवाय, हा तिथेच सोडून द्या. ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा असतो, १० लाखांचा, दोन वर्षांना २७५ रुपये. तो निघण्याआधी काढलाय का ते घरातल्या बाईमाणसाने विचारून घ्यावं. आणि कराराची प्रत, व्हिसाची प्रत, पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान घरी ठेवून जा. मालकाने पासपोर्ट काढून घेणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. पण तो घेतला गेलाच तर वकिलातीत दाखवायला तुमच्या घरी प्रत असली पाहिजे.

पोहोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

जर्मनीत घर घेतलं की दोन आठवड्यांत महापालिकेत नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मित्राच्या खोलीत गुपचूप राहणाऱ्याला तो कागद मिळत नाही. मग नोंद नाही, नोंद नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून पहिला पगार सगळ्यात चढ्या दराने कापून येतो. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात ते खिशात हवे असतात.

माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. तिथे घराला नंबर असतो पण फ्लॅटला नसतो; पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो. मी राहायला गेलो तेव्हा पेटीवर जुन्या भाडेकरूचं नाव होतं आणि ते बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बँकेचं कार्ड आलं आणि परत गेलं. पिनचं पत्र आलं, तेही परत गेलं. विमा कंपनीचं पत्र परत गेलं आणि माझा पत्ता चुकीचा असल्याची नोंद झाली. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी रिकामी पेटी उघडून बघत होतो. शेवटी शेजारच्या आजींनी कागदाची पट्टी कापून, माझं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून, टेपने चिकटवून दिली. किल्ली मिळाली त्याच दिवशी हे काम करा.

जर्मनीत राहण्याच्या परवान्याची मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा. कार्ड येईपर्यंत एक तात्पुरता कागद मिळतो, तो घेऊन लोक बहिणीच्या लग्नाला सोलापूरला येतात. त्या कागदावर तिथल्या कायद्याच्या कोणत्या कलमाला खूण आहे ते बघूनच तिकीट काढा. कलम ८१, पोटकलम ४ असेल तर परत जाता येतं. ३ असेल तर इथेच अडकाल आणि नव्याने व्हिसा काढावा लागेल.

बॅगेत काय घालायचं यावर घराघरात चर्चा होते. शेंगाचटणी, कडक भाकरी बिनधास्त न्या. पण यूएई आणि सौदीला जाताना खसखस नको, साधा दाणाही नको, तिथे ती अमली पदार्थात मोडते. अनारशांवर लावलेली, मसाल्यात वाटलेली, सगळी खसखस त्यातच आली. आईला हे निघायच्या आदल्या रात्री नाही, दळणाच्या वेळीच सांगा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांचंही तसंच, परवानगीशिवाय न्यायच्या नाहीत. युरोपात दूध-मांसाला बंदी आहे, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवा.

मागे सोलापुरात काय चालू ठेवायचं

मोबाइल नंबर. बँक, आधार, पॅन, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात आणि रिचार्ज थांबला की नंबर दुसऱ्याला जातो. रोमिंग इथूनच सुरू करून जा. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटही निघण्याआधी आरटीओतून काढा, ते एक वर्ष चालतं. परदेशात स्थायिक झालात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, हा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. 'कुणाला कळतंय' म्हणून तसंच चालवू नका. घर किंवा जागा विकण्यासाठी भावाला मुखत्यारपत्र पाठवलंत तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. भावाला हे सांगायचं राहतं, आणि पत्र कपाटात पडून राहतं.

तिकडे बाळ झालं तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करा. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलांच्या भारतीय नागरिकत्वासाठी ती लागते. वर्ष उलटलं तर दिल्लीहून परवानगी आणावी लागते. त्या अर्जातही आईवडिलांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर, घाला. बाळाचं नाव लिहिताना आडनावाचा रकाना पहिल्यांदा भरा.