नैसर्गिक साफसफाई: या चुका टाळा, मग डाग निघतात

चिमणीची जाळी व्हिनेगरने घासून घासून हात दुखले, चिकटा तसाच. नळावरच्या पांढऱ्या डागांवर खाण्याचा सोडा चोळला, तेही तसेच. मग "हे नैसर्गिक वगैरे बोलायला ठीक आहे" म्हणत माणूस पुन्हा ॲसिडच्या बाटलीकडे वळतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्ही वस्तू चांगल्या कामाच्या आहेत, फक्त त्यांची अदलाबदल झाली. व्हिनेगर नळाला आणि सोडा चिमणीला लावला असता, तर दोन्हीकडे थोडाफार तरी फरक दिसला असता.

घरातली घाण ढोबळमानाने दोन जातींची. तेल, तूप, मसाल्याचा चिकटा, अंगाचा मळ हे सगळं अल्कलीने सुटतं, म्हणजे राख, धुण्याचा सोडा, साबण यांनी. पाण्यातल्या क्षारांचा थर, तांब्या-पितळेवरचा काळपटपणा, संडासातला पिवळा थर हे आंबट पदार्थांनी सुटतं, म्हणजे चिंच, आमसूल, लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) यांनी. आपल्याकडे तेलकट कढईला राख आणि देवाच्या भांड्यांना चिंच हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं, आणि ते अगदी अचूक होतं. आता एकच बाटली घरभर फवारायची सवय लागली आहे आणि गडबड तिथूनच सुरू होते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं

हा प्रकार सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी. फसफसून फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरतं पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट, ज्याला ना तेल कापता येत, ना क्षार. आधी सोड्याने घासा, धुऊन टाका आणि मग गरज असेल तर व्हिनेगर वापरा. एकाच भांड्यात दोन्ही नकोत.

सिंक तुंबलं की हाच फेस आत ओतला जातो. त्याने तुंबलेलं सिंक मोकळं होत नाही. आधी जाळी काढून अडकलेले केस, भाताची शितं, चहाचा चोथा हाताने बाहेर काढा. पाणी नुसतं सावकाश जात असेल तर दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाकून वरून चांगलं गरम पाणी सोडा. उकळतं नको, प्लास्टिकचा पाइप वाकतो. पाणी अजिबातच जात नसेल तर रबरी पंप घ्या किंवा खालचा बाटलीसारखा भाग उघडून साफ करा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे घरी बनवलेल्या खोबरेल तेलाच्या साबणाच्या पाण्यात व्हिनेगर घालणं. आम्लाने साबण फुटतो आणि वर पांढऱ्या मेणचट गुठळ्या तरंगतात. मग फरशी पुसल्यावर ती आधीपेक्षा चिकट होते.

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या चुकीची दुरुस्ती महागात पडते.

कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर या सगळ्या दगडांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. नळावर साचणारा पांढरा थरही बहुतांशी तोच. त्यामुळे जे आम्ल नळावरचा थर विरघळवतं, ते तुमचा ओटाही विरघळवतं. काळ्या कडप्प्यावर पिळलेल्या लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे गोल, फिकट, निस्तेज खूण दिसते. बोट फिरवलं तर जागा किंचित खरखरीत लागते. ओलं फडकं फिरवलं की खूण नाहीशी होते आणि वाळलं की परत उमटते. मग आपण ती घासत बसतो, कधी कधी आणखी लिंबू लावून. ती जागा खरं तर मळलेली नाहीच. तिथला पॉलिश केलेला थर खाल्ला गेलाय. खोबरेल तेलाचा हात फिरवला तर काही दिवस ती लपते, पण कायमचा उपाय पुन्हा पॉलिश करून घेणं हाच.

मोझॅकच्या फरशीचंही असंच. तिच्यात संगमरवराचे तुकडे असतात आणि मधलं सिमेंटही आम्लाने झिजतं. सिरॅमिक टाइल्सना स्वतःला काही होत नाही, सांध्यांमधलं सिमेंट मात्र हळूहळू खिळखिळं होतं. ग्रॅनाइट बऱ्यापैकी टिकतो, तरी त्यावर लिंबाचा रस तासन्‌तास राहू देऊ नये.

आपला दगड कोणता हे माहीत नसेल तर ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, किंवा पाच मिनिटांनी पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर त्या ओट्याला आंबट काहीही लावायचं नाही. कोमट पाणी, थोडा साबण किंवा रिठ्याचं पाणी, मग कोरडं फडकं. त्याला एवढं पुरतं.

बायो-एन्झाइमची घाई

फळांच्या सालींचं बायो-एन्झाइम आता बऱ्याच घरांत होतं आणि ती चांगलीच गोष्ट आहे. प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम गूळ आणि ३०० ग्रॅम मोसंबी, संत्री, लिंबाच्या साली. मुदत तीन महिने.

"एन्झाइम पुसलं तर फरशी चिकट होते, मुंग्या लागतात" ही तक्रार सारखी ऐकू येते. बहुतेक वेळा महिनाभरातच बरणी उघडलेली असते. आत यीस्ट गुळातल्या साखरेपासून अल्कोहोल बनवतं आणि पुढे जिवाणू त्याचं ॲसिटिक आम्ल करतात. मधेच गाळलं तर साखर तशीच शिल्लक राहते, म्हणजे तुम्ही फरशी गुळाच्या पाण्याने पुसता. मुदत पूर्ण करा आणि बादलीभर पाण्यात अर्ध्या वाटीपेक्षा जास्त घालू नका.

काचेची बरणी अजिबात नको. पहिला महिना आत भरपूर वायू तयार होतो, घट्ट झाकणाची काच फुटू शकते. प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या, पाऊण भरा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा. वर पांढरट साय आली तर घाबरू नका. काळी-हिरवी बुरशी आली, किंवा आंबूस वासाऐवजी कुजका वास सुटला, तर सगळं खताच्या खड्ड्यात टाकून नव्याने सुरुवात करा.

आणि हे द्रावण शेवटी आम्लच आहे, म्हणजे सौम्य व्हिनेगरचं भावंड. त्यामुळे शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर रोज वापरलं तर वर्ष-दोन वर्षांत चकाकी उतरते.

दोन सोड्यांतला गोंधळ

खाण्याचा सोडा फारच सौम्य, त्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर अल्कली) साधारण ८. धुण्याचा सोडा ११ च्या आसपास. पीएचच्या मोजपट्टीवर एकेक अंक दहापटीचा असतो, म्हणून हा फरक प्रचंड आहे. चिमणीवरचं जुनं, पिवळं, मेणचट तेल खाण्याच्या सोड्याला पुरती दाद देत नाही. स्टीलच्या पट्ट्यांची गाळणी असेल तर बादलीत कडकडीत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि अर्धा तास. तेल वर तरंगताना दिसतं. हातमोजे हवेतच, हा सोडा कातडी सोलवटतो.

जाळीदार गाळणी मात्र बहुतेक ॲल्युमिनियमची असते. तिला आणि जर्मनच्या पातेल्यांना धुण्याचा सोडा लावू नका, काळी पडतात. राखेचंही तेच. लोकर आणि रेशमालाही हा सोडा चालत नाही.

हळदीच्या डागाचं एक सांगते. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि साबण किंवा सोडा लावला की डाग एकदम लालभडक होतो. कपडा वाया गेला असं वाटतं, पण अल्कलीत हळद रंग बदलते, इतकंच झालेलं असतं. साबण धुऊन काढा आणि ओला कपडा कडक उन्हात वाळत घाला. ऊन हळदीचा रंग खातं. प्लास्टिकचे पिवळे पडलेले डबेही असेच उन्हात ठेवून पाहा.

वेळ न देणं

बाजारातलं ॲसिड लावल्या लावल्या काम करतं, म्हणून आपल्याला फवारा आणि पुसा अशी सवय लागलेली. सौम्य आम्लाला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला फार काही करावं लागत नाही.

बोअरच्या पाण्याने नळावर खडूसारखा थर बसतो. त्यासाठी माझी पहिली पसंती लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं, वास नाही, आणि पावडर असल्याने प्लास्टिकची बाटलीही येत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घाला, त्यात जुन्या बनियनचं जाड फडकं बुडवा आणि ते नळाभोवती गुंडाळून रबर लावा. अर्ध्या तासाने फडकं काढलं की थर भिजलेल्या चुन्यासारखा मऊ झालेला असतो, जुन्या टूथब्रशने सरकतो. जिथे थर जाड असेल तिथे पुन्हा एकदा. खाली कडप्पा असेल तर नळाखाली ताट ठेवायला विसरू नका. सोनेरी किंवा काळा मुलामा असलेल्या नळांना हे करू नका.

संडासात लोक लिंबूसत्व थेट साचलेल्या पाण्यात टाकतात आणि ते पातळ होऊन फुकट जातं. आधी मग्ग्याने किंवा ब्रशने ढकलून पाणी कमी करा, मग पिवळ्या कडेवर लिंबूसत्वाचं दाट द्रावण ओता आणि रात्रभर राहू द्या.

तांब्या-पितळेला उलट फार वेळ देऊ नये. चिंचेचा कोळ आणि मीठ चोळलं की लगेच धुवा आणि तिथल्या तिथे कोरडं पुसा. पितळ जास्त वेळ आंबटात राहिलं तर गुलाबी छटा येते, कारण त्यातलं जस्त निघून वर तांबं उरतं. ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. कल्हईच्या भांड्याला आतून चिंच-मीठ लावून घासू नका. कल्हई पातळ होते आणि मग आमटी कळकते.

रिठ्याकडून भलत्या अपेक्षा

रिठा रेशमी साडी, शाल, दागिने यांना उत्तम. शाळेच्या सदऱ्याची काळी कॉलर त्याला जमणार नाही, तिथे साबण आणि घासणंच लागतं. फेस कमी येतो म्हणून रिठे वाढवत जाऊ नका, फेसावर मळ निघणं अवलंबून नसतं. बिया काढून दहा-बारा टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. हे पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

जिथे नैसर्गिक पुरत नाही

घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील, किंवा पुराचं पाणी शिरलं असेल, तर व्हिनेगर आणि एन्झाइमवर विसंबू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात घरांमध्ये गाळ शिरला होता. अशा वेळी गाळ काढून, साबणाच्या पाण्याने धुऊन मग ब्लीचिंग पावडरच लागते. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. नैसर्गिक वस्तूंवर माझं प्रेम आहे, पण इथे त्यांचा आग्रह धरणं चुकीचं आहे.

आणि ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर त्या दिवशी तिथे लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व, एन्झाइम किंवा संडासाचं ॲसिड काहीही नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. डोळे चुरचुरले, खोकल्याची उबळ आली, तर पुसत बसू नका. सगळं तिथेच टाकून बाहेर पडा, दार उघडं ठेवा, आणि श्वासाला त्रास होत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

मांजर पाळलं असेल तर फरशी पुसायच्या पाण्यात टी-ट्री किंवा नीलगिरीचं तेल घालू नका. मांजराच्या यकृताला हे पदार्थ नीट पचवता येत नाहीत आणि ते पाय चाटतं तेव्हा ते पोटात जातात.

घरी बनवलेली द्रावणं कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरायची सवय तर आजच मोडा. गाळलेलं एन्झाइम दिसायला सरबतासारखंच असतं आणि लहान मूल ते तोंडाला लावणारच. वेगळ्या आकाराची बाटली, चिकटपट्टीवर नाव आणि तारीख, आणि जागा वरच्या फळीवर.

विकतचं घ्यायचं असेल तर पुढच्या बाजूची पानं-फुलं सोडून बाटली उलटी फिरवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावाने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. 'पर्यावरणपूरक' असं म्हणायचं तर त्याला आधार द्यावा लागतो. घटक छापलेलेच नसतील, किंवा 'वनस्पतींचा अर्क' एवढ्यावरच भागवलं असेल, तर ती बाटली घेऊ नका. त्याच पैशांत किलोभर धुण्याचा सोडा आणि पाव किलो लिंबूसत्व आणा.