कंपनीच्या नावावर गाडी घेताना: पासिंगपासून फॉर्म १६ पर्यंतचा हिशोब

शोरूममध्ये कोटेशन काढताना "पासिंग कोणाच्या नावावर?" असं विचारलं जातं. "कंपनीच्या" एवढं सांगून बरेच जण रंग निवडायला लागतात. त्या एका शब्दाने बारा लाखांच्या पेट्रोल गाडीवर ९६ हजार रुपये वाढतात, हे ऑन-रोडचा कागद हातात आल्यावर कळतं.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. कंपनीच्या नावावर मात्र पेट्रोल असो की डिझेल, सरसकट २० टक्के. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर १,४४,००० आणि कंपनीच्या नावावर २,४०,०००. संभाजीनगरची एमएच-२० असो, जालन्याची एमएच-२१ असो की लातूरची एमएच-२४, दर राज्यभर एकच. म्हणून कोटेशन दोन मागा, एक व्यक्तीच्या आणि एक कंपनीच्या नावाचं, आणि दोन्ही शेजारी ठेवा. प्रोप्रायटरशिप असेल तर हा पेच नाही. गाडी मालकाच्या नावावरच पास होते, कर व्यक्तीचा लागतो आणि धंद्याच्या वापरापुरता घसाराही (गाडीची किंमत दरवर्षी उतरते त्याची करातली वजावट) मिळतो.

मग कंपनीच्या नावावर कोणी का घ्यावी? कारण दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्याच्या करपात्र पगारात गाडीच्या सोयीची जी किंमत धरली जाते ती फारच कमी असते.

पगारात किती धरतात

खालचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियम ३ चे आहेत आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या हिशोबाला लागतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्या तारखेनंतरच्या पगारासाठी नव्या नियमांतला आकडा सीएकडून घेऊन हाच हिशोब परत मांडा.

गाडी कंपनीची, वापर ऑफिसचा आणि घरचा मिळून, आणि पेट्रोल-सर्व्हिसिंग सगळं कंपनीकडे: इंजिन १.६ लिटरपर्यंत असेल तर महिना १,८०० रुपये, त्यापेक्षा मोठं असेल तर २,४००. कंपनीने ड्रायव्हर दिला तर आणखी ९००. ड्रायव्हरचा पगार पंधरा हजार असला तरी धरायचे ९००च. घरच्या फेऱ्यांचं पेट्रोल कर्मचारी स्वतः भरत असेल तर १,८०० ऐवजी ६०० आणि २,४०० ऐवजी ९००.

गाडी सहा लाखांची की सोळा लाखांची याचा इथे संबंधच नाही. नव्या करप्रणालीत २४ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्के दर आहे, उपकर धरून ३१.२. या माणसाला छोट्या इंजिनाच्या गाडीसाठी वर्षाला २१,६०० रुपये उत्पन्नात मिळवायचे, त्यावर कर ६,७३९. १६ ते २० लाखांच्या टप्प्यात असेल तर ४,४९३. ही सोय नव्या प्रणालीतही टिकून आहे. घरभाडं, ८०सी वगैरे गेल्यावर पगारदाराच्या हातात जे थोडं उरलं त्यातलं हे एक.

आता उलट बाजू बघा. गाडी कर्मचाऱ्याची स्वतःची, १.२ लिटरची, आणि कंपनी महिन्याला १२,००० रुपये पेट्रोलखर्च परत देते. वापर मिश्र असेल तर यातले १,८००च वजा होतात. बाकीचे १०,२०० करपात्र. वर्षाचे १,२२,४०० आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी ३८,१८९ रुपये कर. पेट्रोल तेवढंच जळलं, गाडी कोणाची एवढाच फरक. ऑफिसच्या वापराचा खर्च १,८०० पेक्षा जास्त आहे हे लॉगबुकवरून (फेऱ्यांच्या नोंदवहीवरून) दाखवता आलं तर जास्त वजावट मिळते, पण लॉगबुक खरं हवं.

पेरोलमध्ये दोन चुका नेहमी होतात. पहिली: कंपनी कर्मचाऱ्याकडून गाडीपोटी महिना दोन-तीन हजार कापते आणि मग समजते की १,८०० उडाले. मिश्र वापरात असं कापलेलं वजा होत नाही. दुसरी: एकाच माणसाला दोन गाड्या दिल्या की दोन्हींना १,८०० लावतात. सोय एकाच गाडीला. दुसरी पूर्ण घरगुती धरली जाते, म्हणजे तिचा प्रत्यक्ष खर्च, ड्रायव्हरचा पगार आणि मूळ किमतीच्या दरवर्षी १० टक्के झीज, सगळं उत्पन्नात. फॉर्म १६ बरोबर येणाऱ्या फॉर्म १२बीए मध्ये गाडीची ओळ असते, ती मे-जूनमध्ये स्वतः वाचा.

१.६ लिटरची रेघ आणि ४ मीटरची रेघ

लोक १.६ लिटरवर फार अडून बसतात. त्या रेघेने फरक पडतो वर्षाला ७,२०० रुपयांच्या उत्पन्नाचा, म्हणजे वरच्या टप्प्यातही २,२४६ रुपये कराचा. त्यासाठी गाडी बदलण्यात अर्थ नाही. खरी रेघ जीएसटीची आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल किंवा सीएनजी गाडी १२०० सीसीपर्यंत आणि लांबी ४ मीटरपर्यंत असेल तर १८ टक्के. डिझेलला १५०० सीसी आणि तेच ४ मीटर. यातली एकही अट मोडली तर ४० टक्के. इलेक्ट्रिक ५ टक्के. दोन्ही अटी एकत्र बघायच्या. ब्रेझा ४ मीटरच्या आत बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसी, म्हणून ४० टक्के. नेक्सॉनचं डिझेल इंजिन १४९७ सीसी आणि लांबी ४ मीटरच्या आत, म्हणून १८. क्रेटा पगाराच्या नियमात १.६ च्या आत येते, जीएसटीत मात्र ४० टक्क्यांत. मूळ किंमत दहा लाख धरली तर १८ टक्क्यांनी १.८ लाख आणि ४० टक्क्यांनी ४ लाख. आणि वाहन कराची टक्केवारी त्या फुगलेल्या किमतीवर बसते.

हा जीएसटी कंपनीला परत मिळत नाही. ड्रायव्हर धरून १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बंद आहे. गाडी विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा असेल तरच मिळतं. अशा गाडीचा विमा, दुरुस्ती, भाडं यांच्यावरचं क्रेडिटही बंद. अकाउंटंटने सर्व्हिसिंगच्या बिलाचं क्रेडिट चुकून घेतलं तर ते पुढे व्याजासकट परत भरावं लागतं. मालवाहू गाडीला ही बंदी नाही. जालन्याच्या बियाणे कंपनीला शिवारात पोती पोहोचवायला पिकअप हवा असेल आणि आरसीवर ती मालवाहू म्हणून नोंदली असेल, तर तिचं क्रेडिट घ्या.

गाडी १० लाखांवरची असेल तर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) घेतो. बारा लाखांवर १२,०००. हा खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, मात्र बिलावर बरोबर पॅन हवा. बुकिंग डायरेक्टरच्या पॅनवर आणि बिल कंपनीचं, असा घोळ झाला की २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) रक्कम भलत्याच माणसाकडे दिसते.

गाडी कुठली

कराचं गणित झालं की रस्त्याकडे बघा. संभाजीनगर, जालना, समृद्धी महामार्ग एवढीच फिरती असेल तर छोटी पेट्रोल पुरते. पण गंगाखेड, परळी, भोकरच्या बाजूला फील्डवर फिरणाऱ्याला पावसाळ्यात काळ्या मातीत उतरावं लागतं. तिथे ग्राउंड क्लिअरन्स आधी, सनरूफ नंतर. महिना अडीच हजार किलोमीटरच्या पुढे फिरती असेल तरच डिझेलचा जास्त कर वसूल होतो. सीएनजी घेण्याआधी रोजच्या वाटेवर पंप कुठे आहेत आणि रांग किती असते ते बघून या. समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रिटवर जुने, कडक झालेले टायर धोक्याचे. टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं, ते कंपनीच्या तपासणी यादीत घाला.

इलेक्ट्रिक कागदावर सगळ्यांत भारी आहे: जीएसटी ५ टक्के, राज्याच्या ईव्ही धोरण २०२५ नुसार वाहन कर माफ, आणि घसारा १५ ऐवजी ४० टक्के. शहरात आणि वाळूज-शेंद्रा अशा ठरलेल्या फेऱ्यांना ती घ्याच. संभाजीनगरहून नांदेड एका बाजूनेच अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एसी लावून वेगात गेल्यावर ब्रोशरमधली रेंज मिळत नाही, म्हणून वाटेतला चार्जर आधी ठरवा. विजेच्या गाडीला सीसी नसतो आणि जुन्या नियम ३ मध्ये तिचा वेगळा उल्लेख नाही. १,८०० धरायचे असतील तर सीएचं मत लेखी ठेवा.

लीज की कर्ज

पगारातून कापून लीजवर गाडी देणाऱ्या योजनेत समजा महिन्याचं भाडं जीएसटीसकट ३०,००० आहे. ते पगारातून आधीच वजा होतं आणि उत्पन्नात येतात फक्त १,८००. ३१.२ टक्क्यांच्या माणसाचे महिना सुमारे ८,८०० वाचतात, वर्षाला लाखाच्या वर. आकडा मोह पाडणारा आहे, म्हणूनच करारातल्या तीन गोष्टी आधी वाचा. एक, भाड्यावर जीएसटी गाडीच्याच दराने लागतो आणि तो व्याजाच्या भागालाही बसतो. बँकेच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. ४० टक्क्यांच्या गाडीत इथेच बचतीला गळती लागते. दोन, शेवटी गाडी घ्यायची तर किती भरायचे. तीन, मधेच नोकरी सोडली तर काय. करार मुदतीआधी मोडल्याची रक्कम नोकरी सोडताना फुल अँड फायनलमधून (शेवटच्या हिशोबातून) कापली जाते आणि दोन-तीन महिन्यांचा पगार खाऊ शकते. २० टक्क्यांच्या खालच्या टप्प्यातल्या माणसाने या फंदात न पडलेलंच बरं.

दसऱ्याचा मुहूर्त आणि १८० दिवस

गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी घसारा निम्मा. साध्या वर्षात ही रेघ ३ ऑक्टोबरला येते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, मुहूर्तही साधला आणि घसाराही. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. बारा लाखांच्या गाडीवर १,८०,००० ऐवजी ९०,००० मिळतील. उरलेला घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत येतो. पण यंदा नफा जास्त असेल तर सप्टेंबरातच पासिंग करून घ्या. बुकिंगची तारीख चालत नाही, गाडी वापरात आलेली हवी. वाहन कर आणि न मिळालेला जीएसटी गाडीच्या किमतीत धरा, त्यावरही घसारा मिळतो.

लॉगबुक

गाडी पूर्णपणे ऑफिसच्या कामाची असेल तर पगारात शून्य धरतात, पण तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद व कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. नोंद अशी हवी: "१२ ऑगस्ट, चिकलठाणा प्लांट ते जालना एमआयडीसी, पुरवठादार भेट, परत. मीटर ४८,२१० ते ४८,३३२. १२२ किमी." खाली ड्रायव्हरची सही. मार्चअखेर एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही लगेच ओळखू येते. तीत रविवारी बंद प्लांटला भेट सापडते आणि सर्व्हिसिंगच्या बिलावरचं मीटर वहीशी जुळत नाही. म्हणून वही गाडीतच ठेवा आणि महिन्याला एकदा बिलांशी ताडून बघा.

विमा

जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर तो कंपनीच्या पॉलिसीत येत नाही. मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमाही कंपनीला लागू नाही, कारण कंपनी गाडी चालवत नाही. तो प्रीमियम लावला असेल तर काढायला सांगा आणि पगारी ड्रायव्हरचं संरक्षण जोडून घ्या. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा लगेच उतरवा. नाही तर गाडी विकायच्या दिवशी अडकाल.

गाडी कर्मचाऱ्याला विकताना

कंपनीने जुनी गाडी कर्मचाऱ्याला स्वस्तात दिली तर फरक त्याच्या पगारात धरला जातो. इथे किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या २० टक्क्यांनी उतरते, हा घसाऱ्याच्या १५ टक्क्यांपेक्षा वेगळा हिशोब आहे. बारा लाखांची गाडी एका वर्षानंतर ९,६०,०००, दोन वर्षांनी ७,६८,०००, तीन वर्षांनी ६,१४,४००. चार लाखांना दिली तर २,१४,४०० करपात्र. पुस्तकातली घसारा जाऊन उरलेली किंमत विक्रीपेक्षा जास्त असेल तर मार्जिनवरचा (विक्री किंमत आणि ही उरलेली किंमत यांच्यातल्या फरकावरचा) १८ टक्के जीएसटी लागत नाही. या उदाहरणात ती ७,३६,९५० उरते, म्हणजे तो प्रश्न मिटला.

पण वर्षं पूर्ण झालेलीच मोजतात. दोन वर्षं अकरा महिन्यांनी ट्रान्सफर केली तर दोनच वर्षं धरली जातात आणि कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात १,५३,६०० जास्त येतात. ३१.२ टक्क्यांनी ४७,९२३ रुपये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्याआधी खरेदीच्या बिलावरची तारीख बघा, आणि महिनाभर थांबायचं असेल तर थांबा.