चिखल्यांवर कडुलिंबाचं पाणी: आमच्या घरची रीत

आमचं भाताचं रान गगनबावड्याच्या वाटेवर. रोप लावणीत आठ-आठ तास चिखलात उभं राहिलं की पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या, म्हणजे कातडी भिजून खाज-आग होणं, ठरलेल्या. सासूबाईंनी शिकवलेलं सांगते.

दोन मुठी कडुलिंबाचा पाला धुऊन लिटरभर पाण्यात 10 मिनिटं उकळा. कोमट झालं की गाळून त्यात पाय 15 मिनिटं बुडवा. पाणी रोज ताजं करा, पिऊ मात्र नका.

आता खरं काम. बोटांमधली जागा सुती फडक्यानं पार कोरडी करा. चिखल्या म्हणजे बहुतेक वेळा बुरशी, आणि तिला ओल लागते. मी पहिल्या वर्षी पाय ओलेच ठेवून बूट घातले, वर कडुलिंबालाच नावं ठेवली!

मग दोन चमचे खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवून पातळ लावा. तेलच का? हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात बऱ्यापैकी उतरतं. आमच्याकडे सांगलीची हळद असते, तिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. चादरीवर डाग पडतात, जुनी अंथरा.

प्रयोगशाळेत कडुलिंब आणि हळदीचे अर्क काही बुरशी-जिवाणूंची वाढ रोखतात, पण घरचा काढा म्हणजे औषधी मलम नव्हे. आठवड्यात उतार नाही, पू झाला, पाय सुजला, तर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी.