लॅपटॉप कस्टमाइज करताय? ग्राफिक्स निवडताना या चुका टाळा

लॅपटॉपचे पार्ट निवडताना ग्राफिक्सचा रकाना आला की बहुतेक जण कार्डाचा नंबर बघून पुढे जातात. मी आधी एकच विचारायला सांगतो: पडद्याची जोडणी कुठल्या चिपला आहे?

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2010 मध्ये ऑप्टिमस आणलं. या पद्धतीत पडदा प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला जोडलेला असतो. जड काम डेडिकेटेड, म्हणजे वेगळं बसवलेलं ग्राफिक्स कार्ड करतं, पण तयार चित्र इंटिग्रेटेडकडे सोपवतं आणि तिथून ते पडद्यावर येतं. काम नसलं की कार्ड झोपतं आणि बॅटरी वाचते. या वळशापायी गेममध्ये थोडे फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी होतात, एवढाच तोटा. मक्स स्विच असलेल्या लॅपटॉपमध्ये पडदा थेट कार्डालाही जोडता येतो. म्हणून दोन मॉडेलांत मन अडकलं असेल, तर मक्स असलेलं घ्या. कार्ड एक पायरी खालचं मिळालं तरी मी तेच घेईन.

मग मक्स मिळाला म्हणून कायम डेडिकेटेडवरच ठेवायचं, ही पुढची चूक. हिशेब करून बघा. बॅटरी 60 वॅट-तासांची आहे आणि नुसत्या टायपिंगला 8 वॅट लागतात असं धरा, म्हणजे साडेसात तास मिळाले. जागं राहिलेलं कार्ड वर आणखी 10 वॅट खात असेल, तर तीन तास वीस मिनिटांत खेळ खलास. रोज कॉलेज-ऑफिसला नेणाऱ्यांनी हायब्रिडवरच, म्हणजे वरच्या ऑप्टिमस पद्धतीवरच ठेवावं. गेमला बसताना बदलावं. बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी रीस्टार्ट करावं लागतं.

हायब्रिडमधली सगळ्यात जास्त भेटणारी तक्रार वेगळीच असते. माझी भाची आर्किटेक्चरला आहे. नवा लॅपटॉप घेऊन आठवडा झाला नाही तोच तिचा फोन आला, "मामा, मॉडेल फिरवलं की अडकतंय, कार्ड खराब निघालं बहुतेक." मी जाऊन बसलो. मॉडेल अडखळत फिरत होतं आणि पंख्याचा मात्र आवाजच नव्हता. तिथेच शंका आली. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये पाहिलं, तर इंटिग्रेटेडचा आलेख छताला टेकलेला आणि एनव्हिडियाचा शून्यावर आडवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन ते सॉफ्टवेअर निवडलं, हाय परफॉर्मन्स केलं आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. पंखा गरजला, मॉडेल गरकन फिरलं. कार्ड ठणठणीत होतं, त्याच्यापर्यंत काम पोचतच नव्हतं. सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी ही दोन मिनिटं द्याच.

याच्या उलट, काही न करता बॅटरी उतरत असेल तर बाहेरचा मॉनिटर काढून पाहा. कित्येक गेमिंग लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट डेडिकेटेड कार्डाला जोडलेलं असतं. केबल लावली की कार्ड जागं झालंच. काही मॉडेलांत एखादं टाइप-सी पोर्ट इंटिग्रेटेडवर असतं, मॉनिटर तिथे लावता येतो.

नंबरावर भुलण्याबद्दलही सांगतो. आरटीएक्स 4060 चं लॅपटॉप कार्ड 35 वॅटचंही असू शकतं आणि 115 वॅटचंही. नाव एकच, पण ताकदीत मोठा फरक. त्यामुळे वॅट विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि वेगळं कार्ड नकोच असं ठरवलंत, तर रॅम एकाच स्टिकमध्ये घेऊ नका. इंटिग्रेटेडला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. 16 जीबीची एक स्टिक घेण्याऐवजी 8-8 च्या दोन घेतल्या, की त्याला डेटा यायचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

ऑर्डरआधी विक्रेत्याला ईमेल करा: मक्स आहे का, कार्ड किती वॅटचं, एचडीएमआय कुठल्या चिपवर, टाइप-सी कुठल्या. फोनवरचं "हो हो, सगळं आहे" धरू नका, उत्तर लेखी घ्या.