हळेगन्नड शिकायचंय? मी कविराजमार्गापासून सुरुवात केली त्याबद्दल थोडं

मी सोलापूरचा, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, त्यामुळे एमएला हळेगन्नड म्हणजे जुनं कन्नड घेतलं तेव्हा वाटलं आरामात जमेल, पण पहिल्या आठवड्यात एक ओळ धड लागेना. मग सरांनी एकच गोष्ट सांगितली, आजच्या शब्दात सुरुवातीला ह दिसला की तिथं प घालून बघ. हालु म्हणजे दूध, जुन्यात पाल्. हू म्हणजे फूल, जुन्यात पू. हुली म्हणजे वाघ, तो पुलि. एवढं कळलं आणि निम्मी भीती गेली. आधी आजचं कन्नड वाचता आलंच पाहिजे मात्र, त्याला शॉर्टकट नाही.

बरेच जण पंप या जुन्या कन्नड कवीपासून सुरू करतात, म्हणजे इ.स. 941 पासून. मी म्हणेन त्याआधीचा कविराजमार्ग घ्या, साधारण 850 चा, आज हातात असलेला कन्नडमधला सगळ्यात जुना ग्रंथ हाच. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारातला, राजधानी मान्यखेट, म्हणजे आत्ताचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. हा काव्यशास्त्राचा ग्रंथ, दंडीच्या संस्कृत काव्यादर्शाचा आधार घेतलेला. परीक्षेत "राजाने लिहिला" असं सरळ ठोकून देऊ नका, आतमध्ये "नृपतुंगाला मान्य असलेलं" अशा अर्थाचे उल्लेख येतात आणि आज बहुतेक अभ्यासक दरबारी कवी श्रीविजयाचं नाव घेतात.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध पद्य कावेरीपासून गोदावरीपर्यंतच्या कन्नड नाडूचं, म्हणजे कन्नड देशाचं. आपण ते नकाशासाठी वाचतो (गोदावरी म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतातच), पण मोठ्याने वाचा, ओळी अशा पडतात:

कावेरियिंदमा गो
दावरिवरमिर्द नाडदा कन्नडदोळ्
भाविसिद जनपदं वसु
धावळय...

प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर बघा, वे, व, वि, व. याला प्रास म्हणतात, आपल्यासारखं यमक शेवटी नाही तर सुरुवातीला, आणि त्यासाठी कवीने गोदावरी हा शब्दच मधून तोडून "गो" वर ठेवलाय! हे मला दिसलं त्या दिवशी मी रात्री दोनपर्यंत कंद या छंदातली पद्यं मोजत बसलो होतो.

आणि एवढ्या दरबारी पुस्तकात पुढे काय म्हटलंय, तर या देशातली माणसं मुद्दाम शिकलेली नसली तरी काव्यात तरबेज आहेत. गद्य लिहिणाऱ्यांच्या यादीत दुर्विनीताचंही नाव येतं, तो गंग घराण्यातला राजा असं मानतात, पण त्या यादीतल्या कुणाचंच कन्नड लेखन आज उरलेलं नाही. तिथं मी दरवेळी थांबतो.

डिक्शनरी किट्टेलची कन्नड-इंग्रजी घ्या, 1894 ची असली तरी अजून तीच लागते. आणि हो, कविराजमार्ग 1898 साली छापून आणला तो का. बा. पाठकांनी, हेच पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहितेय याचं मला खरंच वाईट वाटतं.